दोन रकाने : प्राथमिक वर्गातील इतिहास, नाटक आणि वाचन



या व्याख्यानमालेत आजवर प्राध्यापक, समीक्षक आणि संशोधक बोलून गेले. मी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. बडोद्यात मराठी माध्यमाच्या वर्गांना मी ३१ वर्षे शिकवले आणि त्यातली बरीच वर्षे पाचवी ते सातवीचा इतिहास माझ्याकडे होता. मंडळाचे निमंत्रण आले तेव्हा मी म्हटले, माझ्याजवळ शोधनिबंध नाही, वर्गातल्या काही गोष्टी आहेत. "त्याच सांगा," असे उत्तर मिळाले. म्हणून उभी आहे. तुमच्यापैकी काहींची मुले माझ्या हाताखालून गेली आहेत. मी कुठे वाढवून सांगते आहे असे वाटले तर त्यांना विचारून खात्री करून घ्या. असे विचारणे हाच आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सुरुवात एका प्रश्नापासून करते. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एक हुशार मुलगा माझ्या वर्गात होता. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४, सयाजीराव गादीवर आले १८७५. ही सनावळी त्याला तोंडपाठ होती. चाचणीत पैकीच्या पैकी गुण. पेपर परत देताना तो मला म्हणाला, "बाई, शिवाजी महाराज आणि सयाजीराव महाराज एकमेकांना कधी भेटले होते का?"

वर्ग हसला नाही. कारण वर्गातल्या कोणालाही त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. दोन्ही आकडे माहीत होते, पण त्या दोघांत २०१ वर्षे आहेत आणि तेवढ्या काळात माणसांच्या सात-आठ पिढ्या होऊन जातात, हे त्या मुलांना माहीत नव्हते. मी ते शिकवलेच नव्हते. मी शिकवले होते ते परीक्षेचे उत्तर.

दुसऱ्या दिवशी मी घरून सुतळीचा गुंडा नेला. दहा वर्षांना एक वीत असे माप ठरवले आणि वर्गाच्या एका भिंतीपासून सुतळी ताणली. मुलांनी आपला जन्म, आईचा जन्म, आजोबांचा जन्म चिमट्यांनी लावला. आजोबांचा चिमटा लावून झाला तरी पुढे सयाजीरावांपर्यंत जायला सुतळी उरलीच होती. शिवाजी महाराजांचा चिमटा पार फळ्यापाशी गेला. तो मुलगा सुतळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "इतक्या लांब?" इतिहास शिकवायला मी त्या दिवशी सुरुवात केली असे मी मानते.

सुतळीने काळ दिसला, पण माणसे दिसेनात. म्हणून मी नाटकाकडे वळले. बडोद्यातल्या मराठी माणसाला नाटकाचे आमंत्रण द्यावे लागत नाही. मीही हौसेने सुरुवात केली. संवाद मी लिहिले, पाठ करून घेतले, फेटे भाड्याने आणले, पुठ्ठ्याच्या तलवारींना चंदेरी कागद लावला. पालक खूश झाले, फोटो निघाले. पुढच्या आठवड्यात वर्गात विचारले, तर मुलांना स्वतःचे संवाद पाठ होते आणि बाकी काही नाही. तलवार कोणाची पडली आणि मिशी कोणाची निघाली, हे मात्र सगळ्यांना आठवत होते. म्हणजे सनावळीच्या जागी मी संवाद पाठ करून घेतले होते, एवढाच फरक.

त्याच सुमारास एका सहकारी शिक्षिकेने मला गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' वाचायला दिले. गिजुभाई आपल्या गुजरातचे, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतले. या पुस्तकात एक कल्पित शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि गोष्टी, खेळ, वर्गातले वाचनालय आणि नाटक यांच्या आधाराने शिकवतो. त्याच्या मुलांची नाटके घोकून केलेली नसतात. आपल्या मराठी माणसांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, या कामात गिजुभाईंच्या जोडीला ताराबाई मोडक होत्या. त्या मुंबईच्या, पण भावनगरात राहून त्यांनी बालशिक्षणाचे काम केले आणि पुढे ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांपर्यंत नेले. म्हणजे मी सांगते आहे त्यात माझा शोध काही नाही. ही वाट या भागात फार आधीच पाडलेली होती. मी तिच्यावरून चालताना कुठे ठेचकाळले आणि काय शिकले, तेवढेच माझे.

आता आपल्या घरची गोष्ट घेऊ. कवळाण्याच्या मुलाची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. मल्हारराव गायकवाडांना १८७५ च्या एप्रिलमध्ये इंग्रज सरकारने पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा महाराणी जमनाबाईसाहेब यांनी दत्तक घ्यायचे ठरले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावाहून काशीराव गायकवाडांची मुले बडोद्यात आणली गेली. इथे कशाला आलात, असे मुलांना विचारले गेले आणि बारा वर्षांच्या गोपाळने सांगितले की राज्य करायला आलो आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

हा प्रवेश वर्गात करायचा म्हटल्यावर प्रत्येकाला गोपाळ व्हायचे होते. त्या एका वाक्यासाठी! मी संवाद दिले नाहीत. पाठ दोनदा मोठ्याने वाचून घेतला, शाळेच्या कपाटातले सयाजीरावांचे एक छोटे चरित्र वाचून दाखवले आणि म्हटले, "आता करा." थोरल्या भावाचे काम मिळालेला मुलगा उभा राहिला आणि थबकला. "बाई, मी काय बोलू? पुस्तकात माझं उत्तरच नाही."

खरेच नव्हते. तेव्हा मी फळ्यावर एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले, 'हे वाचले'. उजवीकडे लिहिले, 'हे आपण घातले'. थोरल्याने काय उत्तर दिले ते आपण वाचलेले नाही. मग तू विचार करून काहीतरी म्हण, पण ते उजवीकडे जाईल. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मला वडिलांनी आणलं, म्हणून आलो." सगळ्यांना पटले. उजव्या रकान्यात पहिले वाक्य ते लिहिले गेले.

या दोन रकान्यांनी माझा वर्ग बदलला. मुले नाटक करू लागली की आपोआप प्रश्न पडू लागले. कवळाण्याहून बडोद्याला यायला किती दिवस लागले असतील? नकाशा काढा. त्यांची आई तेव्हा कुठे होती? एका मुलीने आई व्हायचे ठरवले आणि निघणाऱ्या गोपाळला ती एवढेच म्हणाली, "तिथे जेवायला लाजू नकोस." उजवा रकाना. इंग्रज अधिकारी म्हणून एका मुलाला खुर्चीवर बसवले होते. त्याला बोलायला काहीच नव्हते, तो नुसता बसून राहिला. नाटक संपल्यावर एक मुलगी म्हणाली, "बाई, तो काही बोलला नाही, पण सगळे त्याच्याकडेच बघत होते." तेव्हा आम्ही पुन्हा पुस्तक उघडले आणि वाचले की या निवडीला इंग्रज सरकारची संमती लागत होती. मग वर्गात चर्चा झाली: गोपाळने छान उत्तर दिले म्हणून तो राजा झाला, की मोठ्या माणसांनी ठरवले म्हणून? ही चर्चा अकरा वर्षांची मुले करत होती. संस्थानी कारभार कसा चालायचा, हे मी तासभर व्याख्यान देऊन त्यांना सांगू शकले नसते.

शेवटी ते प्रसिद्ध वाक्य कुठे लिहायचे, असा प्रश्न आला. ते वाचलेले होते, म्हणजे डावीकडे. पण एका मुलाने विचारले, "ते ऐकलं कुणी? आणि लिहिलं कधी?" राजा मोठा झाल्यावर, कीर्तिमान झाल्यावर त्याच्या बालपणाच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि त्या सांगता सांगता गोंडस होतात, हे मी मुलांना माझ्या परीने समजावले. थोडा वेळ वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून सूचना आली, "बाई, रेघेवरच लिहूया." आम्ही ते वाक्य बरोबर रेघेवर लिहिले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. त्या वर्षापासून माझ्या फळ्यावर रेघेलाही जागा मिळाली.

मंडळी, आता मी माझी एक चूक सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही.

सयाजीरावांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, हा धडा आम्ही करत होतो. त्या शाळेत पहिल्या दिवशी येणाऱ्या मुलीचे काम मी एका मुलीला दिले. का दिले? ती चांगले बोलायची, हे एक कारण मी स्वतःला सांगितले. पण तिचे आडनाव मला माहीत होते, ती कुठल्या वस्तीतून येते हेही माहीत होते. विचार न करता माझे बोट तिच्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. भांडली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "बाई, बाहेर लोक आम्हाला तेच समजतात. नाटकात तरी तिला राणी होऊ द्या की."

मला उत्तर सुचले नाही. मी माफी मागितली. पुढच्या आठवड्यात कवळाण्याचा प्रवेश पुन्हा करायचा होता, त्यात जमनाबाईसाहेबांचे काम मी तिला दिले. खुर्चीवर ती ताठ बसली. ठरल्याप्रमाणे तिने गोपाळला विचारले, इथे कशाला आलास? उत्तर आले. मग कोणी सांगितलेले नसताना तिने दुसरा प्रश्न विचारला, "आणि तुला तुझ्या आईची आठवण आली तर?" गोपाळ झालेला मुलगा गडबडला. क्षणभर थांबून म्हणाला, "मला इथे गमणार नाही मग." बडोद्याच्या मराठीत 'गमणार नाही' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी ते दुरुस्त केले नाही.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. पहिला, काम चिठ्ठी काढून मिळेल. मुलगी राजा होईल, मुलगा आई होईल, कोणाचेही आडनाव कोणाच्याही कामाला चिकटणार नाही. दुसरा, अपमान रंगवायचा नाही. एखाद्या माणसाला हाकलून दिले, मारले, विटाळ मानला, हे प्रसंग इतिहासात आहेत आणि ते शिकवायचे आहेत. पण ते वाचायचे. मुलांना मारणारा आणि मार खाणारा करून त्यांची तालीम घ्यायची नाही. कारण दहा वर्षांचे मूल मधल्या सुट्टीत तेच पुन्हा खेळते आणि तेव्हा ते नाटक राहत नाही.

मग नाटक कशाचे करायचे? निर्णयाचे. माणसापुढे दोन वाटा आहेत आणि त्याला एक धरायची आहे, अशा क्षणाचे. याचे उदाहरण अमरेलीचे देते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली आणि आसपासच्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. पाठ्यपुस्तकात हे चार ओळींत येते आणि 'महाराज शिक्षणप्रेमी होते' असे वाक्य येऊन धडा पुढे सरकतो.

आम्ही अमरेलीजवळचे एक गाव केले. अर्धा वर्ग गावकरी, अर्धा वर्ग दरबारची माणसे. दरबारची माणसे नियम वाचून दाखवणार, गावकरी बोलणार. मी स्वतः गावातली म्हातारी झाले. शिक्षकाने नाटकात शिरले की मुलांना बळ येते, मात्र शिक्षकाने मोठे काम घेऊ नये. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याच्या वडिलांची चहाची लारी होती. सकाळी लारीवर मदत करून तो यायचा, त्यामुळे पहिला तास त्याचा नेहमी बुडायचा. मी त्याला त्यासाठी कितीदा रागावले होते! तो गावकऱ्यांतून उठला आणि दरबारच्या माणसाला म्हणाला, "साहेब, दंड भरायला पैसे असते तर पोराला गुरांमागे पाठवलं असतं का?"

दरबारची माणसे गप्प झाली. म्हातारी झालेली मीही गप्प झाले. मग दोन्ही बाजू अदलाबदल केल्या. आता तोच मुलगा दरबारचा माणूस झाला आणि त्याला समोरच्याला पटवायचे होते. त्याने जे सांगितले ते मला आजही आठवते: "पोरगा शिकला तर तुमचा हिशेब तो करेल, सावकार नाही करणार." हे त्याला कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते. पण यानंतर त्याने तो चार ओळींचा परिच्छेद पुन्हा वाचला तेव्हा त्या चार ओळी त्याच्या झाल्या होत्या. आणि मी त्याच्या पहिल्या तासाबद्दल रागावणे सोडले; आम्ही दोघांनी मिळून दुसरी सोय काढली.

त्याच दिवशी एका मुलीने आणखी एक गोष्ट वाचनातून बाहेर काढली. सक्तीचे वय मुलींसाठी मुलग्यांपेक्षा लवकर संपत होते. "बाई, आम्हाला कमी वर्षं का?" तिने विचारले. राजा शिक्षणप्रेमी होता हेही खरे आणि मुलींना कमी वर्षे दिली हेही खरे. दोन्ही डाव्या रकान्यात. मुलांना हे सांभाळता येते. त्यांना सांभाळता येणार नाही ही आपल्या मोठ्यांची समजूत आहे.

आता ज्या प्रवेशावरून मला सगळ्यात जास्त बोलणी खावी लागली, त्याकडे येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. पण १९१७ मध्ये ते संस्थानाच्या नोकरीसाठी बडोद्याला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव सांगून आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. त्यांनी दोन मित्रांना विचारले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने सांगितले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको बाहेरगावी गेली आहे, ती आल्यावर विचारतो. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत काढले.

कमाटी बाग! आमच्या मुलांसाठी कमाटी बाग म्हणजे रविवारची छोटी आगगाडी आणि भेळ. त्याच बागेत परदेशात शिकून आलेला एक माणूस, या शहरात कोणी घरात घेत नाही म्हणून, पाच तास बसला होता. हे सातवीच्या मुलांना सांगायचे की नाही?

मी वाचून दाखवले. सावकाश, सोप्या मराठीत, स्वतःचा शब्द न घालता. काठ्या घेऊन आलेली माणसे आम्ही केली नाहीत. आंबेडकरही कोणी झाले नाही. आम्ही फक्त एक दार केले. वर्गाचेच दार. दाराबाहेर कोणी नाही, नुसती टकटक. आत एक मूल मित्र म्हणून उभे. चिठ्ठ्या काढून एकेक जण आत उभा राहिला. लहानपणी आपण 'स्टॅच्यू' खेळायचो, तसे मी टकटक झाली की 'स्टॅच्यू' म्हणायची आणि आतल्या मुलाच्या खांद्याला हात लावून विचारायची, "आता तुझ्या मनात काय आहे?"

पहिल्या चार-पाच जणांनी लगेच सांगितले, मी दार उघडेन. सोपे उत्तर. मग एक मुलगी म्हणाली, "मला उघडायचं आहे, पण आजी काय म्हणेल?" त्यानंतर वर्ग खरे बोलू लागला. शेजारी काय म्हणतील, घरमालक काय म्हणेल, नोकर जातील. एकाने सांगितले, "मी म्हणेन, आई घरी नाही." तेवढ्यात त्याला कळले की आपण ख्रिस्ती मित्राचेच उत्तर दिले. तो लाजला नाही, हादरला. तास संपला तेव्हा मी काही तात्पर्य सांगितले नाही. मुलांनी वहीत दोन रकाने केले. डावीकडे पाच तास, नऊची गाडी, दोन मित्र. उजवीकडे प्रत्येकाचे दार.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. आपल्या समाजातले, जाणते, संस्थानी नोकरीतल्या घराण्यातले. "तुम्ही महाराजांचं आणि बडोद्याचं नाव खराब करता," असे ते म्हणाले. मी त्यांना बसवले, चहा दिला. म्हटले, शिष्यवृत्ती कोणी दिली तेही मुलांनी डाव्या रकान्यातच लिहिले आहे. खोली कोणी दिली नाही, तेही तिथेच लिहिले आहे. एक पुसले तर दुसरेही कोणी तरी पुसेल. आजोबा निघताना म्हणाले, "पण आमच्या घरी तो आला असता तर…" आणि वाक्य पुरे न करता गेले. आपल्या दांडिया बाजारातही तेव्हा दारे होतीच, मंडळी. त्या अपुऱ्या वाक्याबद्दल मला त्या आजोबांविषयी आदरच वाटतो.

शिक्षक इथे बसले असतील, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. चाळीस मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास यात हे बसते का? बसते, पण रोज नाही. एका सत्रात तीन किंवा चार प्रसंग घ्या, बाकीचा अभ्यासक्रम नेहमीच्या पद्धतीने करा. प्रसंग घेण्याआधी एक तास नुसते वाचन. नाटक दहा-बारा मिनिटांचे, त्याहून लांबवू नका. पोशाख नको, एक ओढणी, एक काठी, एक खुर्ची पुरते. नाटक न करणारी मुले प्रेक्षक नाहीत, ती फळ्यावरचे रकाने भरणारी आहेत. बोलायला लाजणाऱ्या मुलाला फळ्यापाशी उभे करा. माझ्या वर्गातले सगळ्यात अचूक प्रश्न तिथूनच आले. आणि नाटकानंतर पुन्हा वाचन, हे विसरू नका. नाटक करून थांबलो तर मुलाच्या लक्षात उजवा रकाना राहतो, कारण तो त्याने स्वतः घातलेला असतो आणि म्हणून जास्त गोड असतो. गोड गोष्ट हीच खरी, असे वाटायला वेळ लागत नाही. मोठ्या माणसांचे काय होते ते आपण आजूबाजूला बघतोच आहोत. सिनेमातला संवाद इतिहास म्हणून पुढे ढकलला जातो आणि त्यावरून भांडणे होतात. हे कुठे वाचले, एवढे विचारणारा कोणी निघत नाही.

वर्गात गोंगाट होतो, हा आक्षेप खरा आहे. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवावे. परीक्षेत गुण कमी पडतील, ही भीती मला होती. माझा अनुभव सांगायचा तर सनावळी मुलांना पाठ झालीच, कारण तिला लटकायला आता सुतळी होती.

वाचनाबद्दल आणखी एक. या शहरात १९१० मध्ये महाराजांनी बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत होत्या. अशा शहरातल्या मराठी मुलांच्या हातात इतिहासाचे पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक नसावे, याचे मला फार वाईट वाटते. एकाच पुस्तकावर नाटक होत नाही. दोन पुस्तके लागतात, कारण ती दोन्ही तंतोतंत सारखे सांगत नाहीत आणि त्या फरकातूनच मूल विचारू लागते.

शेवटी माझी मागणी तुम्हा सर्वांकडे आहे, शिक्षकांकडे नाही. मराठी माध्यमाचे वर्ग कमी होत चालले आहेत. तुमची नातवंडे इंग्रजी किंवा गुजराती शाळेत जातात. त्याबद्दल मी तक्रार करत नाही. पण आपल्या बहुतेक घरांत एक गोष्ट सांगितली जाते. आमचे पूर्वज दमाजीरावांबरोबर आले. आमच्या पणजोबांना महाराजांनी नावाने हाक मारली होती. आमच्या घराला सनद होती. या गोष्टी घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात आणि त्यांच्या शेजारी माळ्यावरच्या पेटीत काही कागद असतात. पेन्शनचे, जमिनीचे, लग्नाच्या याद्यांचे. काही मोडीतले, घरात आता कोणाला वाचता न येणारे.

येत्या सुट्टीत ती पेटी नातवंडाबरोबर उघडा. एक कोरा कागद घ्या, मधे रेघ मारा. घरची गोष्ट मुलाला करून दाखवू द्या; तो पणजोबा होऊ दे, तुम्ही महाराज व्हा. मग कागद पाहा आणि गोष्टीतले काय डावीकडे जाते, काय उजवीकडे, ते त्यालाच ठरवू द्या. उजवा रकाना मोठा निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. तो आपल्या माणसांनी प्रेमाने घातलेला आहे. फक्त मुलाला रेघ दिसली पाहिजे.

मोडी कागद निघाले तर मंडळात आणा. वाचून देणारी दोन-तीन माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांना मी आधीच विचारून ठेवले आहे. महिन्यातल्या एका रविवारी मंडळाची वरची खोली मिळाली, तर मुलांना घेऊन मी बसेन. फळा तिथे आहे, खडू मी आणते.